पांघरुणावरचं विमान

आमच्या किलब्रॅकमध्ये पर्थ किती लांब आहे असं कोणी विचारलं, तर त्याला किलोमीटर नको असतात. लंडनपर्यंत साडेचौदा हजार आणि तिथून आमच्या शॅनन विमानतळापर्यंत आणखी सहाशे, हे शाळेतली पोरंही सांगतील. विचारणाऱ्याला फक्त म्हातारी तोवर टिकेल का, एवढंच हवं असतं. पर्थचा मुलगा एका दिवसात दारात उभा राहतो, सिडनीच्याला दीड लागतो, आणि टोरांटोची मुलगी संध्याकाळी निघाली तर सकाळच्या चहाला हजर. क्लेअर जिल्ह्याच्या या टोकाला प्रत्येक घराचं एक तरी पोर असं लांब गेलेलं आहे. आणि माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी पुरायचं, ही आमची रीत आहे. तेव्हा विमानाची वेळ फादरना आधी कळवावी लागते, मग थडगं खणणाऱ्याला.

हे सगळं तोंडपाठ असलेली बाई म्हणजे डीलिया टॉल्टी. मेलेल्यांना आंघोळ घालून कपडे चढवण्याचं काम तिचं, आणि मरायला टेकलेल्यांच्या उशाशी बसण्याचंही. हाडापेराने दणकट, हात पुरुषासारखे, तोंड फाटकं. आयुष्यात विमानात पाऊल ठेवलं नाही. "वर जाऊन करायचंय काय? तिथून आपलं कोण दिसतं?" म्हणायची.

मी ऑस्टिन मॅरिनन. माझी भाड्याची गाडी आहे. शॅननच्या विमानतळावरून लांबच्या पोरांना घरी आणून सोडणं हा माझा निम्मा धंदा. सुट्टीला आलेलं पोर गाडीत बडबड करतं. मरणाला आलेलं खिडकीबाहेर बघतं, आणि मी रेडिओ बंद करतो.

डीलियाची पद्धत मी पहिल्यांदा नीट पाहिली ती पेग हेहिरच्या घरी. पेगचा तायग पर्थहून निघाला होता आणि ती तर त्याच दिवशी जाईल असं डॉक्टर सांगून गेले होते. निरोप विचारायला मी आत गेलो तर डीलिया पलंगाच्या कडेला बसलेली, आणि तिचा तळहात पेगच्या नडगीवर, पांघरुणावरून.

"समुद्रावर आहे गं पेग," ती म्हणत होती. "खाली नुसतं पाणी. जेवण दिलंय त्यांना. कोंबडी आहे, पण तुझ्या हातची नव्हे."

तिचा नकाशा पांघरुणावर होता. पावलं म्हणजे पर्थ. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत समुद्र, गुडघ्यावर मालदीवची बेटं, मांडीवर वाळवंट, कमरेला काळा समुद्र, बरगडीला लंडन आणि गळ्यापाशी घर. विमान जसं पुढे जाईल तसा तिचा हात वर सरकायचा.

ऐकायला गोड वाटतं. मलाही वाटलं होतं. मग हात गुडघ्यावर आला तेव्हा डीलियाने मला जवळ बोलावलं आणि माझा हात धरून पांघरुणाखाली घातला. पेगचा पाय गुडघ्यापर्यंत दगडासारखा गार होता, आणि गुडघ्याच्या वर एकदम ऊबदार. मधे काही नाही. जिथे डीलियाचा हात होता, बरोबर तिथे गारठा थांबला होता.

"मरण पायाकडून चढतं," ती मला बाहेर ओट्यावर सिगरेट पेटवताना म्हणाली. "त्याला अडवता येत नाही. पण विमानाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढं जमतं."

"कोण जाऊ देत नाही? तू?"

"तुझी गाडी का मी चालवते? मग माझं काम मला करू दे."

दोन नियम होते तिचे. पोराचा हात घराच्या कडीला लागेपर्यंत 'आला' म्हणायचं नाही, कारण ते ऐकलं की माणूस सोडून देतं. आणि पांघरुणावर खोटं बोलायचं नाही. विमान उशिरा असेल तर उशिरा सांगायचं.

"खोटं बोललं तर काय होईल? विमान ऐकतं का तुझं?" मी चेष्टेने विचारलं.

तिला हसू आलं नाही. "तिथे बोललेलं चिकटतं," एवढंच म्हणाली आणि सिगरेट अर्धी असताना विझवून आत गेली.

तायगला मी वेळेत आणला. त्याने आईचा हात धरला, डीलियाने आपला काढून घेतला आणि पेग गेली. मग नेहमीसारखं झालं. भिंतीवरचं घड्याळ थांबवलं, आरशावर कापड टाकलं, जीव बाहेर जावा म्हणून खिडकी उघडली. आमच्याकडे एकदा थांबवलेलं घड्याळ मयत घराबाहेर पडल्याशिवाय कोणी चालू करत नाही. चहा, हॅमचे सँडविच आणि कोपऱ्यात व्हिस्की. तायग मला म्हणाला, "आई माझी वाट बघत थांबली, ऑस्टिन." किलब्रॅकमध्ये याहून मोठं सुख नाही कोणाला.

आता ते सुख डीलियाच्या स्वतःच्या मुलाला मिळालं नव्हतं, आणि हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

कॉर्मॅक पर्थलाच होता, खाणीवर इलेक्ट्रिशियन. अकरा वर्षांपूर्वी त्याचा बाप अचानक गेला तेव्हा त्याचं विमान वाटेत दुबईला अडकलं. फादर म्हणाले, उद्या रविवार, उद्या पुरता येणार नाही, परवा मला दुसऱ्या गावी जायचंय. घर पाहुण्यांनी भरलेलं. डीलिया तेव्हा या कामात नवखी होती आणि थकलेली होती. ती म्हणाली, उरकून टाका. शेवटची फावडी पडत असताना कॉर्मॅक फाटकातून आत आला, हातात बॅग. मीच आणला होता त्याला. तो ओरडला नाही, काही नाही. आईला एवढंच म्हणाला, "एक दिवस थांबता आलं नसतं?" त्याच संध्याकाळी मी त्याला परत शॅननला सोडलं.

त्यानंतर दर नाताळला एक कार्ड. आत फक्त नाव. डीलिया ते चुलीवरच्या फळीवर ठेवायची, आणि पुढच्या नाताळपर्यंत काढायची नाही. मात्र त्या दिवसापासून किलब्रॅकमध्ये लांबच्या पोराशिवाय एकही माणूस मातीत गेलं नाही. तिने जाऊ दिलं नाही.

या नोव्हेंबरात डीलियाच्या हृदयाने हात टेकले. इस्पितळात दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी नर्सला म्हणाली, "इथलं छत मला आवडत नाही," आणि घरी आली. तिच्या बहिणीची मुलगी ऊना एनिसला नर्स आहे, ती रजा घेऊन येऊन राहिली. मी कॉर्मॅकला फोन केला. उचलला नाही. निरोप ठेवला: आईचं खरं नाही, येणार असलास तर आत्ता ये. ऊनानेही ठेवला. उत्तर आलं नाही.

"त्याला बोलावू नका," डीलिया म्हणाली. "माझा तोंड दाखवायचा हक्क गेला. त्याला वाटलं तर येईल."

तिचं तोंड भिंतीकडे होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला तिची कीव आली, आणि तिला ती आवडली नसती.

मग बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला ऊनाचा फोन. "ऑस्टिनकाका, मावशी उठून बसली. वाकून स्वतःच्या पायावर हात ठेवलाय. 'निघाला' म्हणते."

"कोण निघाला? कॉर्मॅकने फोन केला?"

"नाही ना! त्याचा फोन बंद आहे. मला वाटतं औषधाचा अंमल आहे."

मला एक भाडं होतं गॉलवेचं, मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. थंडी होती पण ऊन लख्ख पडलेलं. टेकडीवरची एकूण एक मेंढरं मोजता आली असती. आत डीलिया उशीला टेकून पडली होती, डोळे मिटलेले. उजवा हात स्वतःच्या बरगडीवर.

ऊनाचा चेहरा उतरलेला होता. तिने मला स्वयंपाकघरात ओढलं. "रात्रभर तो हात वर सरकतोय काका. गुडघा, मांडी, कंबर. आणि तो जिथे असेल तिथपर्यंत ती बर्फ आहे. मी नर्स आहे, मी असलं कधी पाहिलं नाही. ती त्याला मनातल्या मनात घरी आणतेय. तो आला असं तिला वाटलं की ती जाणार, आणि तो तर निघालेलाही नाही."

मला वाटलं, एक दिवस, दोन दिवस तिला धरून ठेवता आलं तर तो फोन तरी उचलेल. निदान कानाला लावून तिला त्याचा आवाज ऐकवता येईल. मी आत जाऊन खुर्ची ओढली.

"कुठपर्यंत आला गं?"

"लंडन सोडलं," डीलिया म्हणाली. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट. "छोटं विमान आहे. माझ्या पोराला पाय पसरायला जागा नाही. हा बघ, समुद्र ओलांडला. खाली येतोय."

तिचा हात बरगडीवरून वर सरकू लागला. पांघरूण त्याच्याबरोबर चुरगळत होतं, आणि तिच्या ओठांचा रंग माझ्यासमोर जात होता.

"थांब डीलिया!" मी म्हणालो. "शॅननला धुकं आहे. दाट. कोणालाच उतरू देत नाहीयेत. घिरट्या घालतोय तो वर."

हात थांबला. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. खिडकीतून ऊन तिच्या उशीवर पडलं होतं.

"तू सांगतोयस?"

"मीच. आत्ताच रेडिओवर ऐकलं."

मग हात पुन्हा बरगडीवर आणून तिने दाबून धरला. "राहू दे तर मग त्याला वरच. धुकं विरलं की सांग मला. विसरशील, तुझं डोकं चाळणी आहे."

मी बाहेर जाऊन कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उभा राहिलो. स्वतःवर खूशच होतो म्हणा ना. जे डीलियाला इतकी वर्षं जमलं ते मलाही जमलं, असं वाटत होतं. तासाभराने खिशातला फोन वाजला. नंबर अनोळखी.

"ऑस्टिन? कॉर्मॅक टॉल्टी बोलतोय."

"अरे बाबा! कुठे आहेस? पर्थला?"

"डब्लिनला."

मी खुराड्याची जाळी धरली.

"काल निघालो," तो म्हणाला. "तुझा निरोप ऐकला आणि निघालो. फोन करून काय बोलणार होतो मी? विमानतळावर चार्जर हरवला, हा इथल्या एका बाईचा फोन आहे. ऑस्टिन, आम्ही शॅननला उतरतच होतो. चाकं बाहेर आलेली, खाली गवत दिसत होतं. आणि एकदम पांढरं झालं. सबंध मैदान. वैमानिकाने परत वर घेतलं, घिरट्या घातल्या, मग डब्लिनला आणलं. आजूबाजूला ऊन होतं रे. नदी दिसत होती, एनिस दिसत होतं. धुकं फक्त तेवढंच, धावपट्टीवर."

मी टेकडीकडे पाहिलं, तिथेही ऊन लख्ख होतं.

"आई आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"गाडी भाड्याने घेतोय. चार तास धर. तिला सांग, या वेळी थांब म्हणावं."

ऊनाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिला सांगूया खरं. डब्लिनला आहे, निघालाय म्हणून."

"एक अक्षर बोलू नकोस," मी म्हणालो. "धुकं आहे तोवर ती आहे. जे बोललंय ते तसंच राहू दे."

"काका, तुम्हीच केलंत ना हे?"

शॅननच्या विमानतळावर धुकं काय आज पहिल्यांदा पडलं? पण मी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघायचं टाळलं.

ते चार तास मला जन्मभर पुरतील. डीलिया हलली नाही. हात बरगडीवर, बोटं पांढरी. मधेच म्हणायची, "दमला असेल गं वर." मी शेगडीत पीटच्या, म्हणजे जळणाच्या वाळक्या मातीच्या, विटा टाकत होतो आणि खोली काही तापत नव्हती. दुपारी ऊना नाडी बघायला वाकली. मनगट पाहिलं, मान पाहिली, छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकलं. मग सरळ झाली आणि नुसती मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"गेली," ती कुजबुजली.

एका तासाने चुकला पोरगा, दुसऱ्यांदा चुकला, आणि या खेपेला माझ्यामुळे. ऊना भिंतीपाशी गेली, घड्याळाची काच उघडली आणि लंबक बोटाने धरला. टकटक थांबली.

"घड्याळ कोणी थांबवलं?" डीलिया म्हणाली.

डीलियाचे डोळे मिटलेले होते, ओठ निळे. छाती हलत नव्हती. मी बघत होतो, ती हलत नव्हती.

"चालू कर," डीलिया म्हणाली. "पोरगं वाटेत आहे, आणि ही घड्याळं थांबवते. नर्स म्हणे!"

ऊनाने लंबकाला धक्का दिला. मेलेल्या माणसाच्या घरात घड्याळ पुन्हा चालू झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, माझ्या आजोबांनीही पाहिलं नसेल. त्यानंतर ऊनाने नळी कानाला लावली नाही. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून राहिलो, आणि एकमेकांकडे बघायचं टाळत राहिलो.

ऊन कलायला लागलं तेव्हा फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. मग पावलं. मग कडी वाजली.

कॉर्मॅक आत आला. केस पिकले होते, बापासारखा दिसायला लागला होता. पलंगापाशी गुडघ्यांवर बसला आणि आईचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. तो गार लागला असणार, पण त्याने सोडला नाही.

"आई."

"हात किती गार रे तुझे," डीलिया म्हणाली. "हातमोजे नाहीत का तिकडे?"

तो हसला आणि त्याच हसण्यात रडायला लागला. ती त्याला रडू देत होती. मग म्हणाली, "तुझ्या बापाच्या वेळी मी थांबले नाही."

"जाऊ दे ना आता ते."

"नाही जाऊ दिलं मी. म्हणून थांबले. थांबले ना रे?"

"थांबलीस, आई. थांबलीस."

तिचा उजवा हात अजून बरगडीवरच होता. "ऑस्टिन," ती म्हणाली.

"काय गं?"

"धुकं?"

कॉर्मॅकने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं आई आपल्या प्रवासाचं विचारतेय. ऊनाला कळलं होतं. ती उठली आणि खिडकीच्या खिटीवर हात ठेवून उभी राहिली. बाहेर टेकडीवर स्वच्छ पिवळं ऊन होतं आणि मेंढरं परत निघाली होती. एक शब्द बोलायचा होता मला, आणि तो माझ्याच्याने बोलवेना. मुलाने अकरा वर्षांनी आईचा हात धरला होता.

"थोडं आहे अजून," मी म्हणालो.

कॉर्मॅक तिला सांगत बसला, पर्थच्या घराविषयी, मागच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाविषयी, आणि तिला न कळवता झालेल्या तिच्या नातीविषयी, जिचं नाव त्याने डीलियाच ठेवलं होतं. ते ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कोणाच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही, जिवंत किंवा मेलेल्या. शेगडीतल्या विटा बसून गेल्या. ऊनाने केलेला चहा कोणी प्यायला नाही, तो गार झाला.

"ऑस्टिन," डीलिया म्हणाली, आणि मी ओळखलं की धुक्याचं सगळं तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. "पुरे आता. कंटाळले मी."

"विरलं गं," मी म्हणालो. "विरलं धुकं, डीलिया."

तिचा हात बरगडीवरून सुटला आणि हळूच गळ्यापाशी जाऊन थांबला. ऊनाने खिडकी उघडली, मग घड्याळ थांबवलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिला तिच्या नवऱ्याशेजारी ठेवलं. कॉर्मॅकने पहिलं फावडं टाकलं आणि शेवटचंही. आठवडाभराने मी त्याला शॅननला सोडायला गेलो तेव्हा दारावरच्या पोर्टरने मला हटकलं. तो मला वर्षानुवर्षं ओळखतो.

"गुरुवारचं धुकं पाहिलंस का ऑस्टिन? सकाळी बसलं ते दिवसभर धावपट्टीवरून हललं नाही. आणि मग संध्याकाळी एका क्षणात गेलं बघ, फुंकर मारावी तसं."

"असं?" मी म्हणालो, आणि कॉर्मॅकची बॅग उतरवायला वळलो. किती वाजता गेलं, ते मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.